सातचा पाढा आणि मोठं कुत्रं

(व्याख्यानाचं शब्दांकन. निवडक प्रश्नोत्तरं शेवटी दिली आहेत.)



विषयाचं नाव शाळेतल्या गणितासारखं वाटलं असेल, पण मला खरंच पाढ्यापासूनच सुरुवात करायची आहे. पशुवैद्य म्हणून काम करताना सातचा पाढा मी जितक्या वेळा ऐकलाय, तितका प्राथमिक शाळेतल्या गुरुजींनीही ऐकला नसेल. टेबलाजवळ कुत्रं आणलं, मी वय विचारलं, की उत्तर येतं, "चार वर्षं डॉक्टर, म्हणजे आपले अठ्ठावीस." सात चोक अठ्ठावीस. बरोबर लहान मूल असेल तर ते आईच्या आधी उत्तर देतं.

बरीच वर्षं झाली या गोष्टीला. एक कुटुंब त्यांच्या ग्रेट डेनला घेऊन आलं. नाव सुलतान, वजन साठ किलोच्या आसपास, वय सहा. तक्रार काय, तर हल्ली फिरायला नेला की अर्ध्या वाटेत बसतो आणि रात्री ठसका लागतो. कधीपासून? तर तीनेक महिने. मग इतके दिवस का थांबलात, असं विचारलं, तर घरातले आजोबा म्हणाले, "अहो, सात सक्क बेचाळीस. बेचाळिसाव्या वर्षी कोणी म्हातारं होतं का? आम्ही म्हटलं, उन्हाळा आहे, आळसावला असेल."

मी स्टेथोस्कोप लावला. ठोके नुसते जोरात नव्हते, त्यांना तालच उरला नव्हता. हृदयाचा स्नायू ढिला पडून हृदय फुगत जातं, त्या आजाराला डायलेटेड कार्डिओमायोपथी म्हणतात. ग्रेट डेन, डॉबरमन, आयरिश वुल्फहाउंड या जातींच्या तो पाचवीला पुजलेला. औषधं सुरू केली, चार महिने मिळाले.

यात दोष त्या आजोबांवर टाकून मला मोकळं होता येत नाही. तोच सुलतान सहा महिन्यांपूर्वी लसीसाठी माझ्याकडे आला होता. कार्डावर साडेपाच वर्षं बघून मीच म्हटलं होतं, "एकदम तरुण गडी आहे, आता वर्षानं या." छाती तपासली ती लस देता देता, घाईत. तोंडानं म्हटला नसला तरी सातचा पाढा माझ्याही डोक्यात होताच. साडेपाच वर्षांचा ग्रेट डेन तरुण नसतो, हे पुस्तकात वाचलेलं असूनही.

तर आज आपण बोलणार आहोत ते या पाढ्याबद्दल: तो चुकतो कुठे, आणि मोठ्या कुत्र्याच्या बाबतीत इतका महागात का पडतो.

आधी पाढ्याची साधी चूक बघू. माणूस सत्तर वर्षं जगतो, कुत्रं दहा, म्हणून एकास सात. हा हिशोब शेवटाला शेवट जोडतो आणि मधलं सगळं सरळ रेषेत आहे असं धरून चालतो. पण एक वर्षाची कुत्री वयात आलेली असते, तिला पिल्लंही होऊ शकतात. सात वर्षांची मुलगी दुसरीत असते. म्हणजे पहिल्याच वर्षाला हिशोब कोसळला. कुत्र्याचं पहिलं वर्ष माणसाच्या पंधराएक वर्षांएवढं असतं, दुसरं आठ-नऊ वर्षांएवढं, आणि पुढे वेग मंदावतो. पुढे किती मंदावतो, हे मात्र कुत्रं केवढं आहे त्यावर ठरतं. पाढ्याची दुसरी चूक इथे आहे, आणि ती जास्त गंभीर आहे. त्या पाढ्याला कुत्र्याचं वजन माहीत नसतं.

पशुवैद्यांच्या दवाखान्यात वजनानुसार वयाचा तक्ता लावलेला असतो, तो तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. त्या तक्त्यांत दहा वर्षांचं पॉमेरेनियन माणसाच्या छप्पन्न-सत्तावन्न वर्षांच्या जवळ धरतात, लॅब्रॅडॉर सहासष्टच्या, आणि ग्रेट डेन किंवा सेंट बर्नार्ड ऐंशीच्या उंबरठ्यावर. पंचांगात एकच वय, पण एक निवृत्तीच्या वाटेवर आणि एक काठी टेकत. हे आकडे ढोबळ असतात, ते कोरून ठेवू नका. पण दिशा बरोबर आहे. आयरिश वुल्फहाउंड सरासरी सातेक वर्षं जगतो, ग्रेट डेन आठेक, लॅब्रॅडॉर अकरा-बारा, आणि चिवावासारखं मुठीएवढं कुत्रं चौदा-पंधरा सहज गाठतं.

आता यात चमत्कारिक काय आहे बघा. प्राणिसृष्टीत साधारण उलट नियम दिसतो. उंदीर दोन-तीन वर्षं जगतो, हत्ती साठ-सत्तर. मोठा प्राणी सावकाश वाढतो, त्याला खाणारे शत्रू कमी, पिल्लं कमी, आयुष्य लांब. वेगवेगळ्या प्राण्यांची तुलना केली तर मोठं म्हणजे दीर्घायुषी. पण एकाच प्राण्याच्या आत, कुत्र्याकुत्र्यांत तुलना केली की पारडं फिरतं. इतर काही प्राण्यांतही हे थोडंफार दिसतं, पण कुत्र्याइतकं ठसठशीत कुठेच नाही. कारण दोन किलोपासून ऐंशी किलोपर्यंत पसरलेली दुसरी एकही सस्तन जात जमिनीवर नाही. आपणच ती तशी बनवली.

मोठं कुत्रं लवकर का मरतं, या प्रश्नाची तीन उत्तरं संभवतात, आणि ती वेगळी करून पाहणं महत्त्वाचं आहे. एक, त्याला सगळ्याच वयात धोका जास्त असेल, म्हणजे तरुणपणीही. दोन, म्हातारपण लवकर सुरू होत असेल. तीन, म्हातारपण साधारण त्याच सुमाराला सुरू होत असेल, पण एकदा सुरू झालं की झपाट्यानं पुढे जात असेल.

हे तपासायचं कसं? इथे विमा कंपनीचं गणित कामाला येतं. १८२५ साली लंडनमध्ये बेंजामिन गॉम्पर्ट्झ नावाच्या विमागणितज्ञानं दाखवून दिलं की प्रौढ माणसाचा मृत्यूचा धोका वयाबरोबर नुसता वाढत नाही, ठरावीक वर्षांनी दुप्पट होत जातो. माणसात हा दुपटीचा काळ साधारण आठ वर्षांचा आहे. तिशीत विमा स्वस्त आणि साठीत महाग का, याच्या मुळाशी हेच आहे. या दुपटीचा वेग म्हणजे म्हातारपणाचा वेग असं धरता येतं.

२०१३ साली कॉर्नेलिया क्राउस, सॅम्युएल पावार आणि डॅनियल प्रॉमिस्लॉ या तिघांनी अमेरिकेतल्या पशुवैद्यकीय नोंदींमधली पन्नास हजारांहून जास्त कुत्री, ७४ जातींची, घेऊन हेच गणित कुत्र्यांना लावलं. उत्तर आलं ते मुख्यतः तिसरं. मोठ्या कुत्र्याचं म्हातारपण फार लवकर सुरू होतं असं नाही, ते सुरू झाल्यावर धावतं. त्यांच्या हिशोबानं शरीराच्या दर दोन किलो वजनामागे आयुष्याची अपेक्षा साधारण एका महिन्यानं घटते. हे जातीजातींमधलं सरासरी गणित आहे, तुमच्या घरच्या कुत्र्याचं भविष्य नव्हे.

मालकाच्या दृष्टीनं या निष्कर्षाचा अर्थ असा. छोट्या कुत्र्याचं म्हातारपण आपल्या आजीच्या म्हातारपणासारखं असतं. आधी चष्मा, मग गुडघे, मग ऐकू कमी. प्रत्येक गोष्टीची सवय व्हायला घरच्यांना वेळ मिळतो. मोठ्या कुत्र्याच्या बाबतीत दिवाळीत जिना धावत चढणारं कुत्रं होळीला पहिल्या पायरीशी उभं राहतं. लोक म्हणतात, "अचानक झालं डॉक्टर." अचानक नसतं ते. फक्त मधल्या पायऱ्या इतक्या भराभर ओलांडल्या जातात की आपल्याला दिसत नाहीत.

आता हे धावणं येतं कुठून? उत्तर बरंचसं वाढीत आहे असं दिसतं, म्हणून तिथे जरा रेंगाळू.

माणसाचं बाळ जन्मतः तीनेक किलोचं असतं आणि साठ-सत्तर किलो व्हायला अठरा वर्षं घेतं. म्हणजे वीसेक पट वाढ, अठरा वर्षांत. ग्रेट डेनचं पिल्लू जन्मतः अर्धा-पाऊण किलोचं असतं आणि दीड वर्षात साठ किलोच्या घरात जातं. शंभर पटीच्या आसपास, दीड वर्षात! एवढी हाडं, एवढा स्नायू, एवढ्या पेशींच्या विभागण्या. आपल्याकडे म्हणतात ना, मुलगा आडव्या-तिडव्या अंगानं वाढतोय. इथे दर आठवड्याला गळ्यातला पट्टा सैल करावा लागतो.

या वाढीची सूत्रं ज्याच्या हातात असतात त्यातलं एक मोठं नाव म्हणजे आयजीएफ-१ हे संप्रेरक. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून वाढीचं संप्रेरक निघतं, त्याच्या हुकमावरून यकृत आयजीएफ-१ तयार करतं, आणि ते पेशींना सांगतं: वाढा, विभागा. २००७ साली असं आढळलं की छोट्या जातींच्या कुत्र्यांत या आयजीएफ-१ जनुकाचा एक विशिष्ट प्रकार जवळपास सर्रास असतो आणि मोठ्या जातींत तो विरळा. अनेक जनुकं उंची ठरवतात हे खरं, पण कुत्र्यात या एकाचं वजन फार मोठं आहे. आणि गंमत म्हणजे २०२२ साली कळलं की छोट्या आकाराकडे झुकवणारा बदल माणसानं निर्माण केलेलाच नाही. सायबेरियात सापडलेल्या सुमारे चोपन्न हजार वर्षांपूर्वीच्या लांडग्यातही तो होता. कुत्रं माणसाजवळ आलं त्याच्या कितीतरी आधीची गोष्ट. म्हणजे पॉमेरेनियनचं बी लांडग्यातच पडून होतं म्हणायचं.

आयजीएफ-१ कमी असलं की आयुष्य वाढतं, हे उंदरांत चांगलंच दिसतं. वाढीचं संप्रेरक नसलेले बुटके उंदीर आपल्या भावंडांपेक्षा कितीतरी जास्त जगतात. माणसांतही एक उदाहरण आहे. इक्वेडोरच्या दक्षिण भागात लॅरॉन सिंड्रोम असलेली माणसं राहतात. त्यांच्या पेशींना वाढीच्या संप्रेरकाचा हुकूम ऐकूच येत नाही, म्हणून उंची साडेतीन-चार फुटांवर थांबते. हायमे ग्वेवारा-आगिरे या डॉक्टरांनी त्यांचा अनेक वर्षं पाठपुरावा केला आणि २०११ साली प्रसिद्ध झालं की त्यांच्यात कर्करोग आणि मधुमेह जवळजवळ नाहीतच. ती माणसं शंभरी गाठतात असं मात्र नाही, अपघात आणि दारू तिथेही आहेच. उलट बाजूनं पाहिलं, तर उंच माणसांना कर्करोगाचा धोका थोडा जास्त असतो, दर दहा सेंटिमीटरमागे दहाएक टक्के. सभागृहातल्या उंच मंडळींनी घाबरू नये, बिडी-सिगारेटसमोर हा आकडा किरकोळ आहे.

कर्करोगाचं नाव निघालं ते बरं झालं. मोठी कुत्री मरतात कशानं याच्या नोंदी पाहिल्या तर कर्करोग वरच्या क्रमांकावर येतो. विशेषतः हाडाचा कर्करोग, ऑस्टिओसार्कोमा, हा मोठ्या कुत्र्यांचाच आजार म्हणावा लागेल. पाच किलोच्या कुत्र्यात तो क्वचित दिसतो. तर्क सोपा आहे: जास्त पेशी, जास्त विभागण्या, चुकीला जास्त संधी. पण मग हत्तीच्या अंगभर गाठी हव्यात! तशा त्या नसतात. हत्तीकडे टीपी-५३ या पहारेकरी जनुकाच्या वीसेक प्रती आहेत, आपल्याकडे आणि कुत्र्याकडे एकेकच जोडी. बिघडलेली पेशी ओळखून तिला संपवायचं काम ते जनुक करतं. हत्तीला मोठं व्हायला लाखो वर्षं मिळाली, शरीराबरोबर पहारेकरीही वाढले. कुत्र्यांच्या आजच्या बहुतेक जाती गेल्या दीडशे-दोनशे वर्षांत घडवलेल्या आहेत, इंग्लंडचा केनेल क्लब निघाला तो १८७३ साली. आपण शरीर वाढवलं, पहारा तेवढाच राहिला. अनेक संशोधक आज याच दिशेनं विचार करतात, आणि मला ते पटतं.

हे झालं मरणाचं. जगताना वय कसं मोजायचं? डीएनएवर मिथाइल नावाच्या रासायनिक खुणा बसत असतात आणि वयानुसार त्यांची मांडणी बदलते. झाडाच्या खोडातली वलयं मोजावीत तशी ही मांडणी वाचून वयाचा अंदाज करता येतो. २०२० साली सॅन डिएगोच्या संशोधकांनी १०४ लॅब्रॅडॉर, चार आठवड्यांच्या पिल्लापासून सोळा वर्षांच्या म्हाताऱ्यापर्यंत, घेतले आणि त्यांच्या खुणा माणसांच्या खुणांशी जुळवल्या. त्यातून सूत्र निघालं: कुत्र्याच्या वयाचा नैसर्गिक लॉगरिदम घ्यायचा, सोळानं गुणायचं, एकतीस मिळवायचे. लॉगरिदम म्हटल्यावर चेहरे पडले, म्हणून मीच करून आणलंय. दोन वर्षांचा लॅब्रॅडॉर बेचाळीस, चार वर्षांचा त्रेपन्न, सात वर्षांचा बासष्ट, बारा वर्षांचा एकाहत्तर. सात वर्षांच्या लॅब्रॅडॉरसाठी सात साते एकोणपन्नास म्हणणारा मालक तेरा वर्षांनी चुकतो.

बातम्यांत तेव्हा आलं की खरं सूत्र सापडलं. दोन गोष्टी मात्र बातमीतून गळाल्या. या सूत्रानं एक वर्षाचा लॅब्रॅडॉर एकतीस वर्षांचा ठरतो. ज्यानं एक वर्षाचा लॅब्रॅडॉर घरात ठेवलाय आणि चपला शोधल्यात, तो हे मान्य करणार नाही. रासायनिक वय आणि अंगातली मस्ती या दोन गोष्टी आहेत. आणि दुसरं, हे सूत्र फक्त लॅब्रॅडॉरचं आहे. ते ग्रेट डेनला लावलं तर तोच सातच्या पाढ्याचा घोळ नव्या कपड्यात.

खरं तर एकच आकडा काढण्याचा हट्टच सोडायला हवा. कारण कुत्र्याचं शरीर आपल्यासारख्याच क्रमानं म्हातारं होत नाही. आपण ज्याला हार्ट अटॅक म्हणतो, रक्तवाहिनीत चरबी साचून हृदयाचा रक्तपुरवठा तुटणं, ते कुत्र्यात फारच क्वचित घडतं. त्याचं हृदय बिघडतं, पण वेगळ्या वाटेनं: छोट्या जातींत झडपा गळतात, मोठ्यांत स्नायू ढिला पडतो. कुत्रीला रजोनिवृत्ती नसते. माज येण्यातलं अंतर वाढतं पण तो येतच राहतो, म्हणून नसबंदी न केलेल्या आठ-नऊ वर्षांच्या कुत्रीला गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो, आणि "आता तिचं वय झालं, कशाला ऑपरेशन" म्हणून ती अडाणीपणानं जाते. डोळ्यांत निळसर झाक दिसली की मोतीबिंदू म्हणून लोक घाबरतात. बहुतेकदा ते भिंग घट्ट होत चाललेलं असतं, दिसतं त्याला.

आणि मेंदू. यावर २०२० सालचाच एक अभ्यास मला फार लक्षात राहिला. ६६ जातींच्या चार हजारांहून जास्त कुत्र्यांकडून स्मरणशक्तीचे, संयमाचे छोटे छोटे खेळ करून घेतले. वयाबरोबर कामगिरी घसरली, ते अपेक्षितच होतं. पण मोठ्या, अल्पायुषी जातींत ती लवकर घसरली नाही. मेंदू सगळ्यांचा साधारण एकाच घड्याळावर चालत होता. म्हणजे नऊ वर्षांच्या ग्रेट डेनचे सांधे ऐंशीचे असतील, पण डोकं तितकं म्हातारं झालेलं नसतं. त्याला चेंडू कळतो, फाटक वाजलं की कोण आलं ते कळतं, उठावंसंही वाटतं. पाय उठू देत नाहीत. तेव्हा "आता त्याला काही समजत नाही हो" असं त्याच्यासमोर म्हणू नका. समजतं.

मग करायचं काय? जात बदलता येत नाही, पण काही गोष्टी हातात आहेत. पहिली खाण्याची. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉर पिल्लांवर एक प्रयोग झाला, चौदा वर्षं चालला, २००२ साली छापून आला. एकाच वेतातल्या पिल्लांच्या जोड्या लावल्या. एकाला भरपूर, दुसऱ्याला त्याच्यापेक्षा पंचवीस टक्के कमी, बाकी सगळं सारखं. कमी खाणाऱ्यांचं मध्यम आयुष्य १३ वर्षं, भरपूर खाणाऱ्यांचं ११.२. जवळजवळ दोन वर्षं! आणि सांधेदुखीचं कायमचं औषध लागायची वेळ तर तीनेक वर्षं पुढे गेली. गोळी नाही, इंजेक्शन नाही, फक्त वाटी लहान. माझ्याकडे येणारे निम्म्याहून अधिक लॅब्रॅडॉर लठ्ठ असतात आणि प्रत्येक घरात उत्तर तेच: तो फार कमी खातो हो डॉक्टर. मग आजोबा चहाबरोबर बिस्किटं देतात, आजी तूप लावलेली पोळी देते, आणि शाळेतून आलेला नातू डब्यातलं उरलेलं.

दुसरी गोष्ट कॅल्शियम. मोठ्या जातीचं पिल्लू आणलं की आपल्याकडे पहिली खरेदी कॅल्शियमच्या बाटलीची होते. हाडं मोठी म्हणून कॅल्शियम जास्त, असं वाटणं साहजिक आहे. पण लहान पिल्लाच्या आतड्याला जादा कॅल्शियम नाकारता येत नाही, जेवढं येईल तेवढं रक्तात जातं. नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट विद्यापीठात १९८०च्या दशकात ग्रेट डेनच्याच पिल्लांवर हे तपासलं गेलं. जादा कॅल्शियमवर वाढलेल्यांची हाडं वाकडी, कूर्चा बिघडलेली. त्याआधी १९७४ साली कॉर्नेलमध्ये ग्रेट डेनच्या पिल्लांना नुसतं भरभरून खाऊ घातलं, तरी सांगाड्याचे बिघाड दिसले. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीचं योग्य खाद्य देत असाल तर वर कॅल्शियम देऊ नका. पिल्लू सावकाश वाढू द्या. शेवटी उंची तेवढीच होते.

तिसरी, नसबंदीची वेळ. हाडांच्या टोकांशी वाढीच्या चकत्या असतात, त्या बंद व्हायला लैंगिक संप्रेरकं लागतात. फार लवकर नसबंदी केली तर त्या उशिरा मिटतात आणि सांधे बेतात बसत नाहीत. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या अभ्यासांत गोल्डन रिट्रीव्हर, लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड अशा जातींत वर्षाच्या आत नसबंदी केल्यावर सांध्यांचे आजार वाढलेले दिसले. छोट्या जातींत नाही. गंमत अशी की ग्रेट डेनमध्येही ती वाढ दिसली नाही. म्हणून सरसकट नियम सांगत नाही. तुमच्या जातीचं विचारा. रस्त्यावरच्या कुत्र्यांचा प्रश्न वेगळा, तिथे लवकर करणंच योग्य.

आणि तपासणी. मोठ्या कुत्र्याला पाच वर्षं झाली की वर्षातून दोनदा दाखवा: वजन, रक्त, हृदय. लंगडत असेल तर घरच्या घरी "संधिवात आहे" ठरवून वेदनाशामक देत राहू नका, एक एक्स-रे काढा, हाडाची गाठ त्यातच दिसते. माणसाची गोळी तर अजिबात देऊ नका. खोल छातीच्या कुत्र्याचं पोट जेवणानंतर टम्म फुगलं, ओकारीचे नुसतेच उमाळे येतायत, काही पडत नाही, तर ती गॅसची तक्रार नव्हे. जठराला पीळ पडलेला असू शकतो. तेव्हा ओवा-हिंग नाही, रिक्षा नाहीतर गाडी, आणि तडक दवाखाना. ते काही तासांचं काम असतं.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न: कुत्र्यांचं आयुष्य वाढवणारी गोळी येतेय असं वाचलं. खरं आहे का?

अमेरिकेत लॉयल नावाची कंपनी त्यावर काम करते आहे. मोठ्या कुत्र्यांमधलं आयजीएफ-१ कमी करणारं त्यांचं एक औषध आहे. २०२३ साली तिथल्या औषध प्रशासनानं त्याला परिणामकारकतेच्या बाबतीत प्राथमिक अनुकूलता दाखवली. म्हणजे उपयोग होईल असं मानायला वाव आहे, एवढंच. त्याचा अर्थ आयुष्य वाढल्याचं सिद्ध झालं असा नाही. रॅपामायसिन या दुसऱ्या औषधाची चाचणी डॉग एजिंग प्रोजेक्टमध्ये चालू आहे. इथे इंटरनेटवरून कोणी काही मागवू नका, कृपा करून.

प्रश्न: पोर्तुगालमधला एक कुत्रा एकतीस वर्षं जगला म्हणे, आणि तोही मोठ्या जातीचा.

बॉबी. २०२३ साली गिनीजनं विक्रम दिला होता. पुरावा पुरेसा नाही म्हणून २०२४ मध्ये तो काढून घेतला. मोठ्या कुत्र्यासाठी एकतीस म्हणजे माणसानं दोनशे गाठल्यासारखं झालं असतं, आम्हाला तेव्हाच पचलं नव्हतं.

प्रश्न: मग इतकी कमी वर्षं जगणारी जात पाळूच नये का?

सेंट बर्नार्ड पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये पंख्याखाली धापा टाकत असतो, तो आणू नये असं माझं स्पष्ट मत आहे, पण त्याचं कारण हवा. वयाचं म्हणाल, तर आणण्याआधी हिशोब माहीत असावा. मूल पहिलीत असताना ग्रेट डेन आणला तर ते दहावीत जायच्या आत बहुधा तो नसेल. हे आधी बोला घरात. आणि दारातलं गावठी पिल्लू मध्यम बांध्याचं असतं, घरात नीट सांभाळलं तर बारा-चौदा वर्षं साथ देतं, तेही बघा एकदा.

प्रश्न: आमची ग्रेट डेन आता आठ वर्षांची होईल. खाते-पिते, पण मागचे पाय थरथरतात आणि फरशीवर घसरते. आमच्या हिशोबानं छप्पन्न. खरं वय काय धरू?

साठीच्या बरीच पुढे धरा, ताई. पण आकडा राहू द्या. ती बसते-उठते त्या वाटेवर गोणपाट किंवा रबरी मॅट अंथरा, पंजामधले केस आणि नखं कापा, जेवणाची भांडी स्टुलावर न ठेवता खाली ठेवा. वजन किती आहे? ...बासष्ट? मग पाच-सहा किलो उतरवायला हवेत, एकदम नाही, तीन-चार महिन्यांत. आणि थरथर मणक्यामुळे की कंबरेच्या सांध्यामुळे, हे हात लावून बघितल्याशिवाय कळायचं नाही. हृदयही ऐकायचंय मला. या आठवड्यात आणा तिला, आणि येताना चालवत आणू नका.